आकडा कुणाला सांगायचा?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन श्रोत्यांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाचा माणूस धावण्यावर आणि जिमवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण जरा अथेन्सकडे पाहा. प्लेटोची अकादमी आणि अ‍ॅरिस्टॉटलचं लायसियम, ही दोन्ही मुळात व्यायामाची ठिकाणं. शहराच्या वेशीबाहेर, झाडीत, तरुण मुलं कुस्ती खेळायला आणि पळायला येत, आणि तिथेच बसून ही मंडळी आत्म्याची चर्चा करत. म्हणजे आमचा धंदा तालमीच्या ओसरीवर सुरू झाला. पुढे तो वर्गात जाऊन बसला आणि त्याचं पोट सुटलं. तेव्हा आज थोडं माहेरी जाऊन येऊ.

आता आपलं शहर बघा. छत्रपती संभाजीनगरात पहाटे साडेपाचला बाहेर पडलं, की गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल, विद्यापीठाचा परिसर, गोगाबाबा टेकडी, छावणीतले रस्ते, सगळीकडे माणसं धावताना दिसतात. डॉक्टर, वकील, वाळूजच्या कारखान्यांतले अभियंते, शिक्षिका, निवृत्त बँकवाले. जिमचे दिवेही तेव्हाच लागतात. आणि सात वाजले, की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आकडे पडू लागतात. आज बारा किलोमीटर, किलोमीटरला सहा मिनिटं दहा सेकंद, नाडी इतकी इतकी. कुणी लिहितो, ‘डिसेंबरच्या आत सब-टू करणारच’, म्हणजे एकवीस किलोमीटरची अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत. कुणाला शंभर किलोची डेडलिफ्ट करायची आहे. खाली अंगठे, टाळ्या, ‘काका, जबरदस्त!’ आमच्या वयाचे एक शेजारी या गटात आहेत. पूर्वी गल्लीतली मुलं त्यांना ‘आजोबा, जपून’ म्हणायची, आता तीच मुलं ‘काका, उद्या लाँग रन ना?’ विचारतात. गटाने त्यांचं वय एका झटक्यात कमी केलं, हे मान्य करावं लागेल.

याला नुसतं ‘फॅड’ म्हणून मोकळं होता येत नाही. इथे तीन वेगळ्या गोष्टी घडतात. माणूस शरीरासाठी काही ध्येय ठरवतो, ते मोजतो, आणि ते दुसऱ्याला सांगतो. पहिल्या दोन गोष्टी फार जुन्या आहेत. तिसरीचा इतिहास मात्र गमतीचा आहे, कारण आकडा सांगायचा कुणाला, याचं उत्तर आपल्याकडे वेळोवेळी बदलत गेलं. आज तेवढाच धागा धरू.

सुरुवात तालमीपासून. आमचं लहानपण मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेलं. तिथली तालीम म्हणजे वाकून आत शिरायचा दरवाजा, कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती, आणि तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली लाल माती. आरसा नव्हता. मुलं जोर काढत, बैठका मारत, आणि मोजत जरूर. पण ‘किती काढतोस रे?’ असं बाहेर कुणी विचारलं, तर हसून टाळायचं. एक तर दृष्ट लागते. दुसरं, यात्रेत ज्याच्याशी कुस्ती लागायची तो पलीकडच्या गावचा पोरगा कान टवकारून बसलेला. आकडा ठाऊक असायचा तो फक्त वस्तादांना. ते वाढवायला सांगत, आणि हे विशेष लक्षात घ्या, ‘बस’ असंही तेच म्हणत. गामा पैलवान रोज पाच हजार बैठका मारायचा, असं लोक सांगायचे. पण ते गामाबद्दल लोक सांगत, आपल्या जोरांचा हिशेब कुणी चारचौघांत मांडत नसे.

त्या तालमीतली ताकद ही पोराची एकट्याची नव्हतीच. ती गावाची. यात्रेत तो चितपट झाला तर गाव हरलं. समर्थ रामदासांचं नाव मारुतीशी आणि बलोपासनेशी जोडलं जातं. त्यांचा जन्म १६०८ चा, जांबचा, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातला. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. लहुजी मांग समाजातले, शिष्य माळी समाजातला, आणि काळ असा की शाळेत एका बाकावर बसणं दूरची गोष्ट. मातीत ते जमत होतं. प्रत्येक तालमीत जमत होतं असं मात्र समजू नका. लहुजींच्या तालमीत जमलं म्हणून तिचं नाव आजही घेतात.

कुणी म्हणेल, आपल्याकडे ध्येय जाहीर करायची पद्धतच नव्हती का? होती की! संकल्प. पूजेला बसलेला माणूस हातावर पाणी घेऊन स्वतःचं नाव, गोत्र, स्थळ, तिथी मोठ्याने उच्चारतो आणि मी अमुक करणार असं म्हणून पाणी सोडतो. कोण, कुठे, कधी आणि काय, सगळं स्पष्ट. गटावर ‘डिसेंबरच्या आत’ असं लिहिणारा मुलगा नेमकं हेच करतो, पाणी तेवढं नसतं. फरक असा, की संकल्पाला साक्षी देव असतो आणि तो अंगठा दाखवत नाही.

दुसरं उदाहरण वारीचं. आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते. वारकरी शेकडो मैल चालतात, तेही उन्हापावसात, तेही वयाच्या सत्तरीत. शारीरिक पराक्रम म्हणून याला काय कमी आहे? पण दिंडीत ‘आज किती किलोमीटर झाले?’ हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. विचारतात, ‘तुमची कितवी वारी?’ म्हणजे मोजतात, पण वर्षं मोजतात. आणि दिंडी सोडून पुढे पळण्यात तिथे काही भूषण नाही. मोजमाप आणि स्पर्धा यांची आपण गाठच मारून टाकली आहे, पण ती गाठ सुटी असू शकते, हे वारीवरून दिसतं.

आता मराठवाड्यापुरती एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. पुण्या-मुंबईच्या मंडळींना ती सहसा ठाऊक नसते. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. सभा-संमेलनांना पूर्वपरवानगीच्या बेडीत अडकवणारं ‘गश्ती निशाण ५३’ जुन्या लोकांच्या तोंडी आजही आहे. पण निर्बंध फक्त भाषणांवर नव्हते. खासगी शाळा काढायची तर परवानगी, आणि आखाडा काढायचा तरी परवानगी. १९३८-३९ मध्ये आर्य समाजाने हैदराबाद संस्थानात सत्याग्रह केला, तेव्हाच्या गाऱ्हाण्यांत हा आखाड्यांचा प्रश्नही होता. विचार करा, चार पोरं एकत्र येऊन बैठका मारणार, त्यात सरकारला भिण्यासारखं काय? भिण्यासारखं होतं ते ‘एकत्र येऊन’ यात. पहाटे नेमाने भेटणाऱ्या माणसांचा एकमेकांवर विश्वास बसतो, आणि असा विश्वास कोणत्याही एकछत्री सत्तेला खपत नाही. आज पहाटे आपण दहा जण ठरवून भेटतो, फोटो काढतो, नकाशावर रस्ता दाखवतो. याच प्रदेशात आपल्या आजोबांना त्यासाठी अर्ज करावा लागला असता, हे ध्यानात असू द्या.

आकडा तालमीबाहेर पडला तो कसा? त्याची वाट लंडनहून आली. युजेन सँडो हा माणूस १८९० च्या दशकात जगभर गाजला. कमावलेलं शरीर हीच त्याची कला आणि तोच त्याचा व्यापार. त्याने मासिक काढलं, टपालाने व्यायामाची शिकवणी सुरू केली. शिष्य घरबसल्या छाती, दंड, मांडी फितीने मोजून त्याला कळवत, काही महिन्यांनी पुन्हा मोजून कळवत. म्हणजे ‘आधी’ आणि ‘नंतर’ हा प्रकार इन्स्टाग्रामचा नाही, टपालखात्याचा आहे. १९०४-०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानातही येऊन गेला. तो गेला, पण त्याचं नाव आपल्या अंगावर राहिलं. बिनबाह्यांच्या बनियनला आपण आजही सँडो बनियनच म्हणतो ना!

सँडोचा एक भक्त थेट औंधच्या राजवाड्यात होता. भवानराव पंतप्रतिनिधी. १८९७ च्या सुमारास त्यांनी सँडोची साधनं मागवली आणि जवळपास दहा वर्षं त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. मग मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि असे वळले की बाकीचं सगळं सुटलं. साधन नको, पैसा नको, जागा हातभर. औंधच्या शाळांत त्यांनी नमस्कार लागू केले. स्वतः राजा, पण गावोगाव जाऊन प्रात्यक्षिक करून दाखवत. १९२८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंच्या साहाय्याने ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ लंडनला प्रसिद्ध झालं. आपला रोजचा व्यायाम, आपलं वजन-आरोग्य, घरातल्या माणसांचा अनुभव, हे सगळं जगापुढे मांडणारा हा आपल्याकडचा पहिल्या काही जणांपैकी एक. इथे एक वळण आहे. तालमीतला पोरगा आकडा लपवत होता, हा राजा तो सांगत सुटला, कारण त्याला वाटत होतं की सांगितल्याने दुसरा करू लागेल. आज गटावर आकडे टाकणारे नकळत औंधकर आहेत. एक शंका मात्र आम्हाला कायम वाटत आली आहे. राजाने सांगितलेला व्यायाम प्रजेला ‘नको’ म्हणता येतो का? शाळेतल्या मुलाला तो आनंद वाटला की हजेरी? नमस्कार करताना चुकून थांबलेल्या मुलाचं म्हणणं राजांच्या पुस्तकांत सापडायचं नाही.

याच सुमारास दुसरीकडे धावण्याचा आकडा घड्याळाकडे गेला. पुण्याचं डेक्कन जिमखाना १९०६ चं. १९१९ च्या तिथल्या क्रीडामेळ्याला सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. लांब पल्ल्याची शर्यत धावणारी बहुतेक मुलं शेतकऱ्यांची होती, अनवाणी. नियम युरोपसारखे नव्हते, पण वेळ पाहून दोराबजी चकित झाले. दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, त्यांनी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना पाठवलेल्या पत्रात ही हकीकत लिहून ठेवली आहे. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षी मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. चौगुले दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत पोचले, एकोणिसावे आले. आपल्या गटातल्या मंडळींनी हा आकडा आज रात्री आपल्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. बुटात जेल भरलेलं नव्हतं, वाटेत कुणी इलेक्ट्रॉलचं पाणी घेऊन उभं नव्हतं, आणि पोचायला आधी आगबोटीतून समुद्र ओलांडावा लागला होता.

ऑलिम्पिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी. हा ‘हौशी’ शब्द आम्हाला फार आवडतो. इंग्रजीतला ‘अ‍ॅमेच्युअर’ म्हणजे मुळात प्रेम करणारा, आणि आपली ‘हौस’ अरबी-फारसीतल्या ‘हवस’शी नातं सांगते. दोन्हीकडे पोटासाठी नव्हे तर ओढीने करणं, हा भाव. पण शब्द गोड असला तरी त्याचा इतिहास तसा नाही. १८६० च्या दशकात लंडनच्या अ‍ॅमेच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबने हौशी कोण हे ठरवलं, तेव्हा कारागीर, मजूर, हाताने काम करून पोट भरणारा माणूस यांना त्यातून वगळलं होतं. अंगमेहनतीने शरीर कमावलेला माणूस साहेबाला शर्यतीत हरवणार, हे उघड होतं! १८८० मध्ये धावण्याच्या खेळातून ती अट गेली. पण हौस ही रिकामा वेळ आणि भरलेलं पोट असलेल्यांची मालमत्ता, ही समजूत कायद्याने जात नाही. डेक्कन जिमखान्यावरची शेतकऱ्यांची पोरं पळत होती, ती हौशी होती का? पळणं त्यांचं प्रेम होतं, की बांधावरून बांधावर जायची सवय? त्यांना कुणी विचारलं नाही.

हा प्रश्न जुना झाला असं समजू नका. पहाटे क्रीडा संकुलात पुन्हा एकदा बघा. मनगटावर घड्याळ बांधलेली मंडळी धावताहेत, त्यांच्याच शेजारून दुसरी एक टोळी धावते. अठरा-वीस-बावीस वर्षांची मुलं-मुली, पैठण, फुलंब्री, सिल्लोडकडून येऊन खोली करून राहिलेली. ही पोलीस भरतीची मुलं. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत झाले तर पूर्ण गुण, त्यानंतर सेकंद वाढतील तसे गुण उतरतात. यांचंही ध्येय आहे, तेही लिहून भिंतीला लावलेलं आहे, तेही एकमेकांना सांगतात. पण घड्याळवाल्याचं ध्येय हुकलं तर पुढच्या डिसेंबरला पाहू. या मुलीचे पाच सेकंद हुकले, तर कदाचित घरचे म्हणतील, झालं तेवढं पुरे, आता स्थळ बघू. मैदान तेच आहे, पहाटही तीच.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे गाव आता सगळ्यांना ठाऊक आहे, अविनाश साबळेंमुळे. बारावीनंतर ते सैन्यात भरती झाले, महार रेजिमेंटमध्ये. खऱ्या अर्थाने धावू लागले ते तिथे गेल्यावर. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस त्यांनी ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पूर्ण केली. केनियाच्या सुवर्णविजेत्याची वेळ ८ मिनिटं ११.१५. शंभरातले पाच सेकंदही नाहीत, सेकंदाचे शंभर तुकडे करून त्यातले पाच! मराठवाड्याचा सगळ्यांत मोठा धावपटू हौसेने धावायला लागला नाही, नोकरीसाठी गेला आणि तिथे त्याला धावणं सापडलं. आणि बारामतीच्या लता करे आठवा. साठी ओलांडलेल्या, नऊवारी नेसलेल्या, अनवाणी. पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते म्हणून त्या शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा चित्रपट निघाला, त्यात भूमिकाही त्यांनीच केली. लोकांनी डोळे पुसले, कौतुक केलं. आम्हाला मात्र त्या कौतुकाने थोडं अस्वस्थ व्हायला होतं. एखाद्या बाईला औषधपाण्यासाठी धावावं लागतं, ही प्रेरणादायी गोष्ट आहे की लाजिरवाणी?

आता शेवटचा मुद्दा, थोडा आमच्या विषयाकडचा. व्यायाम किती करावा? सुश्रुतांचं उत्तर असं, की आपल्या बळाच्या निम्म्याने. कपाळावर, काखेत घाम आला, श्वास तोंडाने घ्यावा लागला, की निम्मं बळ संपलं, थांबा. इथे मर्यादा शरीराच्या आत आहे, आणि ती ज्याची त्याला कळते. आता दुसरं उत्तर ऐका, रोज दहा हजार पावलं. हे कोणत्या वैद्याचं? १९६५ मध्ये, टोकियो ऑलिम्पिकच्या पाठोपाठ, जपानमधल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मीटर’ अशा अर्थाचं होतं. नाव लक्षात राहिलं, यंत्र खपलं, आणि त्या नावातला आकडा जगभर आरोग्याचा नियम होऊन बसला. आज आपल्याकडे रात्री साडेदहाला बैठकीच्या खोलीत येरझारा घालणारी माणसं आहेत, कारण चारशे पावलं कमी पडली. घरचे विचारतात, काय शोधताय?

आकडा वाईट नाही. आकड्याने कितीतरी माणसांना खुर्चीतून उठवलं, साखर ताब्यात आणली, दारूपासून दूर नेलं, नवरा गेल्यावर घरात कोंडलेल्या बाईला पहाटे दार उघडायला लावलं. एकट्याने ठरवलेलं एकट्याने मोडतं. चार जणांना सांगितलेलं मोडायला जड जातं. पण तालमीत आकडा ऐकणारा जो होता, तो आकडा ऐकून ‘बस’ म्हणू शकत होता. पोरगा तापातून उठला आहे, काल जागरण झालं आहे, हे त्याला चेहऱ्यावरून दिसायचं. फोन असं म्हणत नाही. गटही सहसा म्हणत नाही, गट ‘जबरदस्त’ म्हणतो. अमेरिकेत लाखो लोकांना धावायला लावणारं पुस्तक १९७७ मध्ये जिम फिक्स यांनी लिहिलं. १९८४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, रोजचं धावणं करतानाच हृदयविकाराने ते गेले. घराण्यात हृदयविकार होता, त्यांच्या रक्तवाहिन्या अडलेल्या होत्या. धावल्याने गेले असं म्हणणं चूक ठरेल, धावण्याने त्यांची काही वर्षं वाढलीही असतील. पण छातीतलं शरीर जे सांगत होतं ते ऐकायला सोबत कुणी वस्ताद नव्हता. आपल्या गटांत डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांनी महिन्यातून एकदा तरी अंगठ्याऐवजी ‘या आठवड्यात थांबा’ असं लिहावं, एवढं आम्ही सुचवू. ऐकणारा रागावेल. तालमीतली पोरंही रागवायची.

शहरातल्या काही मैदानांवर अलीकडे एक गोष्ट दिसते, ती सांगून थांबतो. हौशी धावणाऱ्यांपैकी काही जण आपलं झालं, की भरतीच्या मुलींसाठी घड्याळ धरून उभे राहतात. कुणी आपले जरासे झिजलेले बूट आणून देतं. मुली दोन फेऱ्या मारून येतात, गुडघ्यांवर हात टेकून वाकतात, आणि मान वर न करता विचारतात, ‘किती, सर?’ सर सांगतात. दोन मिनिटं पाणी पिऊन त्या पुन्हा रेषेवर जातात.

वेळ झाली आहे. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी हात वर करावेत.